घर विकणे आहे

नागपूरच्या पूर्व अंगाला ज्या वस्तीत आमचे वास्तव्य आहे, तिचे नाव नंदनवन. पुराणातले नंदनवन इंद्राचे. तेथे पारिजात फुलतो आणि कोणास भाडे द्यावे लागत नाही. आमच्या नंदनवनात जगनाडे चौकाकडून येणारी रहदारी आहे, अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या मुलांसाठी चालणाऱ्या खानावळी आहेत, आणि थोड्या थोड्या अंतरावर फाटकाला तारेने बांधलेली एखादी पाटी आहे : 'घर विकणे आहे'. रविवारच्या वर्तमानपत्रातील छोट्या जाहिराती पाहिल्या तर हीच पाटी अधिक सविस्तर होऊन भेटते. पूर्वमुखी, कॉर्नर, बोअर व नळ, आर. एल. झालेले. गुंठेवारीचा कायदा २००१ साली झाला तेव्हापासून 'आर. एल.' ही दोन अक्षरे आमच्या भागात बाप्तिस्म्याच्या दाखल्याइतकी पवित्र मानली जातात. आधी जागा घेतली, मग घर बांधले, आणि कित्येक वर्षांनी ते घर कायद्याच्या कुटुंबात सामील करून घेण्यात आले, असा अनेकांचा क्रम. धर्मगुरू म्हणून आम्हांस घरभरणीला बोलावणे येते. पाण्याचा आशीर्वाद शिंपडून, लाडू खाऊन आम्ही परततो. घर सोडताना मात्र आजवर आम्हांस कोणी बोलाविले नव्हते.

गेल्या पावसाळ्यात तसे बोलावणे आले. नंदनवनातील नव्हे, कामठीच्या घराचे. आमच्या धर्मग्रामातील एक बाई (वय पन्नाशीच्या आसपास, शाळेत शिक्षिका) मिस्सानंतर थांबल्या आणि म्हणाल्या, "फादर, आमचं कामठीचं घर काढायचं ठरतंय. दोघे भाऊ आलेत. तुम्ही एकदा येऊन बसाल का? भांडण नाही, पण प्रश्न आहेत." भांडण नसताना प्रश्न असणे ही आमच्या अनुभवात दुर्मीळ गोष्ट, म्हणून आम्ही होकार दिला.

कामठी नागपूरपासून सुमारे १६ किलोमीटर, कन्हान नदीच्या काठी. आज ते तालुक्याचे गाव आहे. लष्करी छावणी, विड्यांचा धंदा, हातमागाची जुनी वस्ती, बाजूने जाणारा महामार्ग. परंतु हे गाव आपोआप वाढलेले नाही, ते बसविलेले आहे. १८१७ च्या नोव्हेंबरात सीताबर्डीच्या टेकडीवर भोसल्यांच्या फौजेची इंग्रजांशी लढाई झाली, आप्पासाहेबांचा पराभव झाला, आणि १८२१ साली इंग्रजांच्या तैनाती फौजेने कन्हानच्या काठी तळ ठोकला. 'कॅम्प' वरून कामठी असे शाळकरी मुले सांगतात. त्यात छावणीच्या आखणीचा आकार इंग्रजी 'टी' सारखा होता अशीही पुस्ती जोडतात. फौज मद्रासकडची होती. तिच्यासोबत तेलुगू व तमिळ शिपाई आले, आणि फौजेला जे जे लागते ते करणारे लोकही आले : पाव भाजणारे, शिंपी, चांभार, घोड्यांची निगा करणारे, बँड वाजविणारे. उत्तरेकडून मोमीन विणकर आले. आयरिश सैनिकांसाठी आणि या तेलुगू-तमिळ कॅथोलिकांसाठी आनेसीहून आलेले संत फ्रान्सिस द सेल्स यांच्या नावाचे मिशनरी या मुलुखात काम करू लागले. त्यांच्या श्रमांतूनच पुढे १८८७ साली नागपूर धर्मप्रांत स्थापन झाला. गल्ल्यांची नावे अजून जुनी आहेत. दाल ओळी, फुटाणा ओळी. छावणीच्या हद्दीत गोरा बाजार. 'ओळ' या शब्दात कवायतीची शिस्त आहे आणि फुटाण्यांचा खमंग वासही आहे. 'जय भीम' हे अभिवादन रूढ करणारे बाबू हरदास हेही याच कामठीचे. १९३९ साली, वयाच्या पस्तिशीत, ते गेले. ज्या गावाला इंग्रजांनी केवळ तळ म्हणून वसविले त्या गावातून असा माणूस निघाला, याची नोंद छावणीच्या नकाशात कोठून असणार?

या गावाच्या इतिहासातील एक गोष्ट फारशी सांगितली जात नाही, आणि आमच्या विषयाशी तिचा जवळचा संबंध आहे. कामठी एकदा रिकामी होऊ लागली होती. १८८१ च्या जनगणनेत तिची वस्ती सुमारे ५१ हजार होती. १९०१ साली ती ३९ हजारांच्या आत आली. मुंबईहून नागपूरपर्यंत आगगाडी १८६७ सालीच पोचली होती. धान्य, मीठ व गुरे यांचा जो व्यापार कामठीच्या बाजारात होत असे तो हळूहळू नागपूरकडे सरकला, आणि पलटणीही कमी झाल्या. वीस वर्षांत बारा हजार माणसे उणी झाली, म्हणजे किती घरांवर कुलपे लागली असतील याचा हिशेब वाचकांनी करावा. त्या काळी पाट्या नव्हत्या. दवंडी असेल, दलाल असतील.

शिक्षिकाबाईंच्या पणजोबांनी घर घेतले ते त्याच ओसरत्या काळात. ते छावणीतील भटारखान्यात पाव भाजीत. मूळचे तेलुगू, आज या कुटुंबात तेलुगूचे दोन-चार शब्द उरले आहेत आणि तेही स्वयंपाकघरात. बाईंनी आमच्यापुढे जुने खरेदीखत ठेवले. मोडीतील. एका निवृत्त गुरुजींकडून त्यांनी ते बाळबोधीत उतरवून घेतले होते. विकणारा कोणी धान्याचा व्यापारी होता, आणि 'येथील धंदा बसल्यामुळे व परगावी जाणे असल्यामुळे' अशा अर्थाचा मजकूर त्यात होता. आम्ही तो दोनदा वाचला. ज्या घराला ही भावंडे वडिलोपार्जित म्हणतात, तेही कोणा दुसऱ्याचे वडिलोपार्जित घर होते आणि त्याने ते नाइलाजाने, बहुधा पडत्या भावात, विकले होते. त्या व्यापाऱ्याची मुले कोणत्या ओट्यावर खेळली, हे या कुटुंबाला ठाऊक नाही. त्यांनी कधी विचारलेही नव्हते.

खतात चतुःसीमा होती. पूर्वेस डाळ विकणाऱ्याचे घर, दक्षिणेस सरकारी रस्ता, पश्चिमेस बैल बांधण्याची मोकळी जागा, उत्तरेस 'मेमसाहेबांच्या शिंप्याचे' घर. त्यानंतर आपल्याकडील खतांत पूर्वापार चालत आलेली ती भारदस्त यादी : जल, तरू, तृण, काष्ठ, पाषाण, निधी, निक्षेप यांसह. म्हणजे विहिरीचे पाणी विकले, झाड विकले, भिंतीतला दगड विकला. कोणी पूर्वी पुरून ठेवलेले धन सापडले तर तेही विकले. इतका काटेकोर माणूस आपली मुले, आपली आजारपणे, आपले मेलेले या यादीत कोठे घालील? यादीच्या बाहेर जे राहते ते विकले गेले की राहिले, हा प्रश्न तेथे बसल्या बसल्या आमच्या मनात आला, आणि या लेखाचे कारण तोच आहे.

प्रश्न तसे तीन होते. पहिला धाकट्या भावाने विचारला. मागील भिंत दर पावसाळ्यात ओल धरते व तिला आता जमिनीपासून छतापर्यंत चीर गेली आहे. घेणाऱ्याने ती पाहिली नाही, कारण तेथे कपाट आहे. सांगणे बंधनकारक आहे काय? घेणारा तर घर पाडणारच आहे.

सेमिनरी हिल्सच्या संत चार्ल्स सेमिनरीत आम्ही शिकत असताना नीतिशास्त्राच्या तासाला हाच प्रश्न आला होता, आणि तो दोन हजार वर्षांचा जुना निघाला. रोमन लेखक सिसरो याने कर्तव्यांविषयीच्या आपल्या ग्रंथात विकाऊ घराचेच उदाहरण घेतले आहे : घर रोगट आहे, खोल्यांतून साप निघतात, लाकूड कुजके आहे, आणि हे धन्यावाचून कोणास ठाऊक नाही. पुढे तो एक खरा खटला सांगतो. सेंटुमॅलस नावाच्या गृहस्थाचे रोममधील टेकडीवरील घर शकुन पाहणाऱ्या पुरोहितांच्या दृष्टीआड येत होते म्हणून त्याचा उंच भाग उतरविण्याचा हुकूम झाला. त्याने तो हुकूम न सांगता घर विकले. घेणाऱ्यावर पाडकामाची पाळी आली; वाद कॅटोकडे गेला, आणि विकताना ठाऊक असूनही जे सांगितले नाही त्याची भरपाई विकणाऱ्याने करावी असा निवाडा झाला. संत थॉमस अक्विनस (१२२५-१२७४) यांनी सत्याहत्तराव्या प्रश्नात हीच वाट धरली आहे आणि कोसळू पाहणाऱ्या घराचे उदाहरण दिले आहे : छुपा दोष, ज्याने घेणाऱ्याला नुकसान किंवा धोका पोचेल, तो सांगितलाच पाहिजे. घर पाडायचेच असेल तर चिरेने किंमत घसरणार नाही, मग सांगायला भय कसले? आणि किंमत घसरत असेल, तर सांगणे अधिकच आवश्यक. आम्ही एवढे बोललो. धाकट्याने कपाट सरकविण्याचे कबूल केले. प्रश्न सोपा होता.

दुसरा प्रश्न थोरल्या भावाचा. ते पुण्यास असतात, हिशेबी आहेत, परंतु मनाने सरळ. म्हणाले, "फादर, मेट्रो ऑटोमोटिव्ह चौकापर्यंत आली, आता कन्हानपर्यंत नेणार म्हणतात. भाव वाढलाय. आम्ही तो घेतला तर लोभ होईल का? शिवाय घेणारा म्हणतो, निम्मे रोखीने." रोखीच्या अर्ध्या भागावर आम्हांस अननिया व सफिरा आठवले. प्रेषितांच्या कृत्यांत त्यांची कथा वाचताना आपला समज असा होतो की त्यांनी सगळे दान केले नाही म्हणून त्यांना शासन झाले. पेत्र तर स्पष्टच सांगतो की जमीन त्यांची होती, पैसाही त्यांचा होता. दोष होता तो किमतीविषयी खोटे बोलण्याचा. दुय्यम निबंधकाच्या कचेरीत एक आकडा आणि पिशवीत दुसरा, ही रीत आपल्याकडे इतकी रुळली आहे की तिला कोणी पाप म्हणत नाही. आमच्यापुढे पापनिवेदनातही तिचा उच्चार क्वचितच होतो. थोरल्यांना आम्ही हे सांगितले. त्यांनी मान हलविली. ती होकाराची होती की नकाराची, हे आम्ही ताणून धरले नाही.

लोभाचा भाग अधिक गुंतागुंतीचा आहे. संत थॉमस एक सूक्ष्म भेद करतात. वस्तू हातची गेल्याने विकणाऱ्याचे खरोखर काही उणे होत असेल, तर त्या हानीपुरती किंमत तो अधिक घेऊ शकतो. परंतु विकणाऱ्याचे काही जात नाही आणि घेणाऱ्याची गरज मात्र मोठी आहे, म्हणून भाव चढविणे न्यायाचे नाही. कारण घेणाऱ्याची गरज ही विकणाऱ्याच्या मालकीची वस्तू नाही. तो जे त्याचे नाही ते विकत असतो. मेट्रो या तिघा भावंडांनी आणलेली नाही, हे खरे. पण बाजारात ठरलेला भाव घेतला तर तो लोभ म्हणता येणार नाही, कारण बिल्डर काही गरजवंत नव्हे. आम्हांस जेथे अडखळायला झाले ते वेगळेच. 'विकणाऱ्याची हानी' म्हणजे काय? आजीने ज्या खाटेवर प्राण सोडला ती खोली जाणे ही हानी आहे. तिची किंमत जोडावी काय? थोरल्यांनी मागितलेल्या आकड्यात ती कोठे तरी मिसळली होती असे त्यांच्या बोलण्यावरून वाटले; "एवढ्यात देणे जिवावर येतं," असे ते म्हणाले. विकणाऱ्याच्या जिवावर येणे हा भाव ठरविण्याचा अगदी जुना मार्ग आहे. संत थॉमस तो नाकारीत नाहीत. पण मग आजीची खोली चौरस फुटांत मोजली गेली, आणि पैसे मिळताच ती भरून निघाली असे समजावे लागते. भरपाई घेतली की तक्रार उरत नाही. दुःखाचा मोबदला घेऊन दुःखही ठेवायचे, हे दोन्ही एकदम साधत नाही.

येथे आपण थोडे मागे जाऊन पवित्र शास्त्रात घर विकण्याविषयी काय आहे ते पाहू. लेवीच्या पुस्तकाच्या पंचविसाव्या अध्यायात योबेल वर्षाचे नियम आहेत. शेतजमीन कायमची विकू नये, कारण ती देवाची आहे आणि आपण तिच्यावर उपरे व पाहुणे आहोत, हा नियम आपणांस ठाऊक असतो; २०२५ हे ख्रिस्तसभेचे योबेल वर्ष झाले तेव्हा आम्हीही त्यावर प्रवचने केली. परंतु त्याच अध्यायात घरांसाठी वेगळा नियम आहे आणि तो आमच्या नजरेतून इतकी वर्षे सुटला होता. तटबंदीच्या नगरातील घर विकले तर एका वर्षाच्या आत ते सोडवून घेता येते; वर्ष उलटले की ते कायमचे घेणाऱ्याचे होते, योबेल वर्षीही परत येत नाही. तट नसलेल्या गावातील घर मात्र शेताप्रमाणेच गणावे. ते केव्हाही सोडवून घेता येते, आणि योबेल वर्षी ते मूळ कुटुंबाकडे जाते. (लेव्यांना त्यांच्या नगरांतील घरे केव्हाही सोडविण्याची मुभा होती. पुरोहितवर्गाने आपली सोय पाहिलेली आहे, हे कबूल केले पाहिजे.)

हा भेद कशासाठी? आम्हांस असे दिसते की शास्त्रकाराने दोन तऱ्हेची घरे ओळखली होती. एक शहरातले घर, जे वस्तू आहे. माणसे येतात, राहतात, जातात. दुसरे गावातले घर, जे शेताचा भाग आहे. त्याला गोठा, विहीर, वाट, शेजार अशी मुळे असतात, आणि ते उपटले तर जमीन उघडी पडते. आता कामठीचे घर कोणत्या वर्गात घालावे? कामठीला तट कधी नव्हता. पण ते गावही नव्हे, तो तळ होता. तळावरची माणसे हुकूम आला की उठतात. छावणीच्या हद्दीतील जुन्या बंगल्यांची तर आणखीच मौज आहे. 'ओल्ड ग्रँट' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कंपनी सरकारच्या काळातील शर्तींप्रमाणे बंगल्याच्या भिंती व छप्पर राहणाऱ्याच्या मालकीचे, आणि खालची जमीन सरकारची. सरकारने मागितली की नोटीस व बांधकामाची भरपाई घेऊन ती सोडायची. नागपूर शहरातही नझूलच्या कित्येक जागा तीस-तीस वर्षांच्या पट्ट्याने दिलेल्या, आणि नागपूर सुधार प्रन्यासाचे भूखंडही तसेच. पट्टा संपत आला की घराघरांत धावपळ. जमीन माझी आहे असे लेवीच्या पुस्तकात देव म्हणतो; नागपुरात तेच सरकार म्हणते, आणि त्यावर भुईभाडे आकारते. विनोद सोडला तरी त्यात एक शिकवण आहे. आपण ज्याला मालकी म्हणतो ती बहुतेक वेळा राहण्याची परवानगी असते.

मग त्या परवानगीत दुसऱ्या कोणाचा वाटा असतो काय? हा तिसरा प्रश्न, आणि तो भावांनी विचारलाच नाही. तो आम्हांस दिसला, कारण तो ओसरीवर बसला होता.

घराच्या पुढच्या खोलीत एक भाडेकरीण राहते. विधवा, सत्तरीच्या पुढची. नवऱ्यासोबत आली त्याला चाळीस वर्षे झाली. सुपात तेंदूची पाने घेऊन ती विड्या वळीत बसली होती. आता कारखान्याचे काम नाही, पण हात थांबत नाहीत. भाडे इतके थोडे की त्याचा आकडा लिहिणे तिचा अपमान होईल. गेली सहा वर्षे घर बंद असते. झाडलोट तीच करते, विहिरीवर झाकण तीच घालते, आणि दर शुक्रवारी आतल्या खोलीतील येशूच्या पवित्र हृदयाच्या तसबिरीपुढे दिवा तीच लावते. ती ख्रिस्ती नाही. "मोठ्या आई लावत होत्या," एवढेच कारण तिने सांगितले. कायदा तिच्या बाजूने आहे. महाराष्ट्राचा भाडे नियंत्रण कायदा २००० च्या मार्चअखेरीपासून लागू आहे, आणि घर विकले म्हणून भाडेकरू उठत नाही. पण घेणाऱ्याला घर रिकामे हवे होते. भावांनी तिला द्यायची रक्कम ठरविली होती. रक्कम वाईट नव्हती. तिला विचारले नव्हते.

ख्रिस्तसभेची मालमत्ता विकायची असेल तर धर्मनियमांत अटी आहेत. नियम १२९३ प्रमाणे योग्य कारण लागते आणि तज्ज्ञांचे लेखी मूल्यांकन लागते. त्याआधीच्या नियमात, ज्यांचा संबंध पोचतो त्यांची संमतीही लागते. संस्थेच्या बाबतीत 'ज्यांचा संबंध पोचतो' असे लोक असतात हे आम्ही मानतो. कुटुंबाच्या बाबतीत मात्र सातबाऱ्यावर किंवा आखीव पत्रिकेवर ज्यांची नावे आहेत तेवढेच. चाळीस वर्षे दिवा लावणाऱ्या बाईचे नाव कोणत्या रकान्यात येते?

हे वाक्य आम्ही तेथे बोललो नाही. बोलण्याचा अधिकार आमच्याकडे नव्हता, आणि त्याचे कारण येथे सांगणे प्रामाणिकपणाचे होईल.

आमचे घर वसईचे. पश्चिम पट्ट्यातील एका वाडीत, केळीच्या बागेला लागून, कौलारू, पुढे ओटा, मागे रहाटाची विहीर, आणि वाडीच्या तोंडाशी दगडी क्रूस. १९८० च्या दशकाच्या अखेरीस दिवंगत फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि त्यांचे सहकारी हरित वसईसाठी उभे राहिले, तेव्हा आम्ही सेमिनरीतील विद्यार्थी होतो. सुटीत गावी गेलो की मोर्चात जात असू. पाणी, बागा, वाड्या वाचवा असे घसा बसेपर्यंत ओरडत असू. १५३४ सालापासूनची पोर्तुगीज सत्ता, १७३९ सालची चिमाजी आप्पांची स्वारी, त्यानंतरचे मराठे, इंग्रज, हे सारे पाहून आमची वाडी टिकली, असे त्या काळात आम्ही भाषणातही सांगितले आहे. पुढे आई-वडील गेले. महानगरपालिका २००९ साली झाली. त्याच्या आदल्या वर्षी भावांनी घर व बागेचा तुकडा देण्याचे ठरविले आणि हक्कसोडपत्र टपालाने नागपूरला पाठविले. धर्मप्रांतीय धर्मगुरूला दारिद्र्याचे व्रत नसते; वारसाहक्क असतो. आम्ही त्या कागदावर सही केली ती मोठ्या समाधानाने. प्रभूला डोके टेकायला जागा नव्हती, मग त्याच्या सेवकाला वाटा कशाला? त्या दिवशी आपण फार हलके झालो असे वाटले, आणि तसे आम्ही एका सहकारी धर्मगुरूंना सांगितलेही.

मागच्या पडवीत आमची आत्या राहत असे. अविवाहित. वाडीच्या क्रुसापुढे मेणबत्ती लावणे आणि विहिरीवरच्या कबुतरांना दाणे घालणे हे तिचे दोन उद्योग. तिचे नाव कोठल्याही कागदावर नव्हते. भावांनी तिला नीट सांभाळले, यात शंका नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या नव्या घरात तिला खिडकीजवळची खोली दिली. महिन्याभराने तिने फोन केला. इकडचे-तिकडचे बोलून झाल्यावर तिने विचारले, "तूही सही केलीस का रे?" स्वर तक्रारीचा नव्हता. तिला खरोखर जाणून घ्यायचे होते. आम्ही म्हटले, "आत्या, मला वाटा नको होता." ती म्हणाली, "वाटा नव्हे रे." पुढे काही बोलली नाही. दोन वर्षांनी ती गेली.

आम्ही पैशाचा त्याग केला तेव्हा त्याबरोबर आमचा शब्दही सोडून दिला, हे तेव्हा ध्यानात आले नाही. वाट्याचे कागद परत पाठविताना, 'सही करतो, पण आत्याला आधी विचारा,' एवढी एक ओळ आम्ही लिहू शकलो असतो. त्याने घर वाचले असते असे नाही. कदाचित आत्यानेच, पडकी कौले कोण फेरणार, म्हणून विका असे सांगितले असते. पण तिला कोणी विचारले असते. अनासक्तीच्या नावाखाली आम्ही एक अडचणीचा फोन टाळला होता. वैराग्य आणि टाळाटाळ यांचे बाह्य रूप किती सारखे असते, हे सेमिनरीत शिकवीत नाहीत; आम्ही आता नवशिक्या धर्मगुरूंना शिकवितो, पण तेही हसून ऐकतात.

याचा अर्थ घर विकू नये असा कोणी घेऊ नये. नाबोथने पूर्वजांची द्राक्षबाग राजालाही दिली नाही आणि त्यासाठी तो मेला, पण राजा अहाबाने अन्याय केला म्हणून नाबोथ थोर; द्राक्षबाग न विकणे हा सर्वांसाठी नियम होत नाही. बर्णबाने शेत विकले आणि पैसे प्रेषितांच्या चरणी ठेवले. तरुण माणसांना दूरच्या शहरांत संसार करावे लागतात. सहा वर्षे बंद असलेले घर केवळ आमच्या भावुकतेसाठी त्यांनी सांभाळावे, पाऊस पडला की पुण्याहून धावत यावे, हा अन्याय होईल. गावात राहणाऱ्यांनाही बंद घरांचा जाच असतो. ओस पडलेल्या घराशेजारी राहणे सुखाचे नसते. आणि अब्राहामाचे पाहा. वचनदत्त देशात त्याने आयुष्यभरात विकत घेतलेली जमीन एकच, चारशे शेकेल रुपे मोजून, आणि ती पत्नीला पुरण्यासाठी. यिर्मयाने तर बाबेलचा वेढा पडलेला असताना, सारे भाव कोसळलेले असताना, सतरा शेकेल देऊन अनाथोथचे शेत घेतले आणि खरेदीखत मातीच्या मडक्यात घालून ठेविले. त्या काळी त्याला लोकांनी वेडा म्हटले असेल. कामठीच्या पणजोबांना त्यांच्या बायकोने काय म्हटले असेल? गाव रिकामे होत असताना पाव भाजणाऱ्या माणसाने घर घेतले. त्यात हिशेब होता की श्रद्धा, हे ठरविणे कठीण आहे. बहुधा भाव कमी होता एवढेच.

पण त्या पणजोबांनी विकणाऱ्या व्यापाऱ्याला काही विचारले असेल काय, येथे कोण जन्मले, विहिरीला पाणी कधी लागले, आंबा कोणी लावला? विचारले असेल तर ते पुढे सांगितले नाही. घरासोबत त्याची हकिकत देणे हे विकणाऱ्याचे कर्तव्य आहे काय, असे आम्हांस कोणी विचारले तर आम्ही आता 'होय' म्हणू, जरी कोणत्याही नीतिशास्त्राच्या ग्रंथात तसा नियम आम्ही वाचलेला नाही. चीर सांगितली पाहिजे, तसाच दिवाही सांगितला पाहिजे. घेणारा ऐकून सोडून देईल. तो त्याचा प्रश्न. न सांगता विकलेल्या घराबरोबर त्याची हकिकतही आपण विकतो, आणि तिचा मोबदला कोणास मिळत नाही.

त्या दिवशी बैठक संपली ती चहावर. कपाट सरकविण्यात आले. चीर आम्हां सर्वांच्या अंदाजापेक्षा रुंद निघाली. दुसऱ्या आठवड्यात घेणाऱ्याने ती पाहिली, भाव थोडा उतरविला, इसार दिला. साठेखताचा मसुदा तयार झाला. त्यात चतुःसीमा नव्या पद्धतीची आहे : पूर्वेस घर क्रमांक अमुक, पश्चिमेस घर क्रमांक तमुक. डाळवाला नाही, शिंपी नाही. बैल बांधण्याच्या जागी कधीचीच मोबाईलची दुकाने झाली आहेत. भाडेकरणीचा उल्लेख 'सदर मिळकत निर्वेध व रिकामी' या शब्दांत होतो, म्हणजे होत नाही. दोघा भावांनी सह्या केल्या आहेत.

बहिणीने केलेली नाही. गेल्या रविवारी मिस्सानंतर त्या आमच्या कचेरीत आल्या, मसुदा टेबलावर ठेवला आणि विचारले की, 'रिकामी' हा शब्द खोडून तेथे काय लिहिता येईल. कायदा वकिलाला विचारावा असे आम्ही म्हटले. ते विचारून झाले होते. मग आम्ही त्यांना आत्याची गोष्ट सांगितली; आजवर ती आम्ही कोणास सांगितली नव्हती. त्या ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "मी शुक्रवारी कामठीला जाते. तिला आधी विचारते. तोवर हा कागद तुमच्याकडे राहू द्या, घरी असला तर फोनवर फोन येतात."

कागद ड्रॉवरमध्ये आहे. आज बुधवार.